टोचणीची वही

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी दोन वह्यांना हळदकुंकू लागे. एक दुकानाची नवी कोरी चोपडी. तिच्यावर आजोबा बोरूने ‘श्री’ काढत. दुसरी जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, पाठीवर दुकानातल्याच खाकी दोऱ्याचे टाके. घरात नव्याने आलेल्या सुनांना वाटे, घराण्याची वंशावळ असेल, नाहीतर जमिनीचे कागद. जमीन आमच्या बापजन्मात नव्हती. ती टोचणीची वही होती. घरातल्या कोणाला, कोणत्या तारखेला, कसली लस टोचली त्याची नोंद. हिला कुंकू कशाला, असं कोणी विचारलं तर आजोबा म्हणत, “उधारी बुडाली तर पुन्हा कमावता येते.” पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

हे घर शिवाजीनगरातलं, पण बंगळूरच्या. पुण्याच्या आत्याला जगात शिवाजीनगर एकच आहे असं वाटे. तिची दिवाळीची पत्रं अर्ध्या पत्त्यावर सुटत आणि संक्रांतीला पोचत. आमचं शिवाजीनगर छावणीतलं. पूर्वी त्याला ब्लॅकपल्ली म्हणत. गोऱ्या पलटणींसाठी शिवणकाम करायला आमचे खापरपणजोबा सोलापूरकडून इथे आले आणि कमर्शियल स्ट्रीटच्या एका बोळात मशीन टाकून बसले. बंगळूर शहर म्हैसूर संस्थानाचं, पण छावणी इंग्रजांची. ती १९४७ च्या जुलैत, स्वातंत्र्याच्या तोंडावर, संस्थानाला परत मिळाली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावात शिवरायांच्या नावाची वस्ती असावी याचं आजोबांना भारी अप्रूप. २०२५ साली तिथल्या मेट्रो स्टेशनला कोणाचं नाव द्यावं यावरून दोन राज्यांच्या पुढाऱ्यांत जुंपली, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. ते म्हणाले असते, आधी गाडी तर सुटू द्या.

वही मुळात मापांची. सरळ उघडली की गिऱ्हाइकांची मापं दिसत: छाती, कंबर, बाही, मुंढा. उलटी करून मागून उघडली की टोचणी. मागच्या बाजूची पहिली पंधरावीस पानं मोडीत आहेत. मोडी आमच्यापैकी कोणाला येत नाही. पुढे एका जाणत्या गृहस्थांकडून ती वाचून घेतली. बाबांची नोंद १९२६ सालची. ‘चिरंजीवास देवी काढिल्या. चार पैकी तीन उठल्या.’ बस्स, दोन वाक्यं. खाली शेजाऱ्याच्या मुलाचं नाव आणि ‘एकही न उठली, पुन्हा काढणे.’ मला हे वाचताना गंमत वाटली ती अशी, की आजोबांनी आपल्या मुलाचं रांगणं, चालणं, पहिला दात यातलं काहीही कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहिलं ते एवढंच.

त्याला कारण होतं. पणजी प्लेगच्या गोष्टी सांगे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळुरात शिरला आणि छावणीतल्या दाटीवाटीच्या गल्ल्यांना त्याने झोडपून काढलं. घरं रिकामी करून माणसं माळावर तंबूंत आणि झापांच्या खोपटांत राहायला गेली. पणजीचे दोन दीर आणि एक नणंद परत आली नाहीत. पुण्यात त्याआधीच्या वर्षी काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको: मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई गेल्या, जूनमध्ये रँडचा खून झाला. त्याच १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या परदेशी शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. बंगळुरात त्या साथीने माणसांना मोकळ्या हवेची किंमत कळली. मल्लेश्वरम, बसवनगुडी वाढले, छावणीकडे फ्रेझर टाऊन वसलं. आणि प्लेगच्या मारम्माची देवळं उभी राहिली, ती आजही आहेत. पणजोबांनी लस टोचून घेतली होती म्हणे. दाखला मिळाला होता. तो दाखला नंतर हरवला आणि त्यावरून घरात पुष्कळ बोलणी झाली. वही त्यातून जन्माला आली, असा माझा कयास आहे.

आजोबांनंतर वही आईकडे आली. आणि योगायोग असा, की ती योग्य हातात पडली.

आईचं माहेर बेळगाव, टिळकवाडी. बेळगावकरांना व्हॅक्सिन डेपो सांगावा लागत नाही. मोठमोठ्या झाडांची ती जागा. पुढे सीमाप्रश्नाचे मराठी महामेळावे तिथेच भरले. पण आईच्या लहानपणी तिथे खरोखरच लस तयार होई आणि मुंबई इलाख्यात जाई. देवीची लस वासरांवर वाढवत. वासराच्या पोटावरचे केस भादरून, कातडीवर ओरखडे काढून तिथे लस लावायची. पाचसहा दिवसांनी त्या जागी फोड आले की ते खरवडून घ्यायचे, ग्लिसरीनमध्ये घोटायचे आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत भरून ठेवायचे. आई आणि तिच्या मैत्रिणी कुंपणाला नाक लावून ती वासरं बघत. वासरांना धुवून पुसून इतकं स्वच्छ ठेवत, की आमच्या आजीला तिकडच्या गोठ्याचा हेवा वाटे. “आपल्या दंडावर बेळगावचं वासरू आहे,” असं आई आम्हांला सांगायची. आम्ही भावंडं दंड चाचपून बघायचो.

देवी टोचायला छावणीच्या दवाखान्याचा माणूस येई. खाकी कोट, हातात पत्र्याची पेटी. आमच्या वठारात तो शिरला की कोणी तरी पोर ‘देवीवाला’ म्हणून आरोळी ठोकी आणि पुढच्या क्षणी अंगणात चिटपाखरू दिसत नसे. धाकटा भाऊ एकदा न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबामागे लपला. काजळी माखून बाहेर काढला तेव्हा त्याला आधी आंघोळ घालावी लागली. टोचायचं यंत्र म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेली पैशाएवढी चकती, तिला बारीक दाते. स्पिरिटच्या दिव्यावर ते तापवायचं, थंड होऊ द्यायचं. दंडावर काचेच्या नळीतून लशीचा थेंब सोडायचा, त्यावर चकती टेकवायची आणि बोटांनी गर्रकन फिरवायची. दुखे ते फिरवताना. त्याहून जास्त दुखे दुसऱ्याचं बघताना. त्या माणसाचं मराठी, तमिळ, दखनी, कन्नड सगळं सारखंच मोडकं होतं, पण “झालं, झालं, झालं” हे तो चारही भाषांत अस्खलित म्हणे.

खरं काम पुढे असे. टोचल्यावर तिसऱ्याचौथ्या दिवशी पुळी यायची, आठव्या दिवसापर्यंत ती पाण्याने भरायची, मग खपली, मग वण. आठव्या दिवशी तो माणूस पुन्हा येऊन बघे. उठली असेल तर दाखला, नाहीतर पुन्हा चकती. म्हणून आईच्या वहीत देवीच्या दोन तारखा असत: काढल्याची आणि उठल्याची. पहिल्या तारखेला काही अर्थ नाही, असं तिचं ठाम मत. “टोचलं म्हणजे लागलं असं नव्हे.” शाळेत नाव घालताना हाच दाखला लागे. तो हेडमास्तरांच्या टेबलावर गेला की परत येईलच याची खात्री नसे, म्हणून आई त्यातला शब्दन् शब्द आधी वहीत उतरवून घेई. दाखला देणाऱ्याच्या सहीची नक्कलसुद्धा ती काढी. हे कायद्याने बरोबर नसावं.

तारखा लिहायची तिची पद्धत मी अजून पाळते. जी लस द्यायची आहे तिची तारीख शिसपेनीने. दिली की तीच तारीख शाईने, वरूनच गिरवायची. शिसपेनीची ओळ नुसती राहिलेली दिसली की समजावं, कोणी तरी राहिलंय. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई उरकली की ती वही घेऊन उन्हात बसे आणि शिसपेनीच्या ओळी शोधे. मग फराळाचा डबा घेऊन आम्ही ज्या ज्या घरी जात असू, तिथे तिचा पहिला प्रश्न चकल्या कशा झाल्या हा नसे.

कारण त्या वहीत आम्ही एकटेच नव्हतो. ज्युवेलर्स स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आमचं वठार. मधे अंगण, भोवती खोल्या, एक नळ. आम्ही मराठी, समोर तमिळ इस्त्रीवाली अक्का आणि तिची चार पोरं, वरच्या मजल्यावर दखनी बोलणाऱ्या खाला, त्यांच्या नवऱ्याची रसेल मार्केटात सुक्या मेव्याची गादी, कोपऱ्यात एक अँग्लो-इंडियन म्हातारी आणि तिची नात. आई शिकलेली, लिहिणारी, आणि बाऊरिंगमध्ये कोणत्या खिडकीशी कोणत्या वेळी उभं राहायचं हे जाणणारी. बाऊरिंग म्हणजे आमच्या भागाचं सरकारी हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एका हॉस्पिटलच्या नकाशावरून बांधलेलं. आम्हांला त्याचं काय? आम्हांला ते स्पिरिटच्या वासाचं आणि लांब व्हरांड्यांचं ठिकाण. आईबरोबर वठारातल्या दोघीतिघी आपापली पोरं घेऊन निघत. परत आल्यावर त्या चौकटीत बसून म्हणत, लिही. आई लिही. सगळं देवनागरीत. ‘अक्काची दुसरी, ट्रिपल पहिला, डावी मांडी, रात्री ताप.’ ‘खालांचा धाकटा, गोवर येऊन गेला, लस नाही.’ अक्काला तमिळही वाचता येत नव्हतं, पण त्या पानावर आपली ओळ कुठे आहे ते ती बोट ठेवून दाखवी.

खालांच्या मोठ्या मुलीला लहानपणी पोलिओ झाला होता. ती लस आमच्या वस्तीपर्यंत पोचायच्या आधीची गोष्ट. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती जिना उतरे, तेव्हा त्या आवाजाने वठारातल्या बायका हातातलं काम थांबवत. तिच्यामागून झालेल्या सगळ्या भावंडांच्या ओळी वहीत आहेत आणि त्यातली एकही शिसपेनीची नाही. खाला दर तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः येऊन आठवण करत: “कल है ना, बाई?”

देवाधर्माचं याच्याशी कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. देवी काढल्या की आमची आजी दहीभाताचा नैवेद्य घेऊन मुत्यालम्माच्या देवळात जाई. कडुनिंबाचा डहाळा दाराला लागे. अक्का तिथे येई, आणि सप्टेंबरात सेंट मेरीच्या जत्रेला आम्ही सगळे तिच्याबरोबर जात असू. आठ तारखेला रथ निघे, आणि भगवी वस्त्रं घालून माणसं येत ती सगळ्या जातीधर्मांची. आजारपण टळो म्हणून तिथे मेणबत्ती, मुत्यालम्माला लिंबांची माळ, खालांकडून दर्ग्यातला धागा, आणि बाऊरिंगची सुई. आजीच्या हिशेबात चारही ठिकाणं एकाच कामाची. कोणाचं श्रेय किती याचा तंटा तिने कधी केला नाही. आम्हांला मात्र सुईचाच राग येई.

आजोबा वारकरी. दरवर्षी नाही, पण जमेल तेव्हा आषाढीला जात. बंगळूरहून छोट्या रुळांच्या गाडीने गुंटकल, तिथे मोठी गाडी, मग कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी पंढरपूरला. त्या काळी पंढरपूरला जायचं तर पटकीची सुई टोचून घेतल्याचा दाखला लागे. नसला तर वाटेत धरून टोचत. चंद्रभागेत लाखो माणसं एकाच वेळी उतरणार, पटकी पसरायला आणखी काय हवं? आजोबा निघायच्या आठ दिवस आधी बाऊरिंगमध्ये जाऊन टोचून घेत, दाखला वारीच्या पताकेच्या काठीला गुंडाळलेल्या फडक्यात ठेवत. वहीत त्यांच्या नावापुढे ‘पटकी’ हा शब्द पुन्हा पुन्हा आहे आणि प्रत्येकापुढे कंसात ‘विठ्ठल’. कोणत्या वर्षी वारी झाली हे आम्हांला कळतं ते या टोचणीच्या नोंदीवरून.

सगळ्यांत लांब नोंद काकांची. रसेल मार्केटच्या मटणाच्या बाजूला भटकी कुत्री नेहमीच. काका एके संध्याकाळी तिथून झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन येत होते, उद्या दसरा. कुत्र्याने पोटरी धरली. तेव्हाची रेबीजची लस कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतून येई, आणि ती पोटात, रोज एक, अशी चौदा दिवस घ्यावी लागे. काकांच्या नावाखाली चौदा ओळी आहेत, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. वठारातली पोरं रोज सकाळी त्यांच्याकडे बघून ओरडत: “आज सात!” “आज आठ!” दिवाळीपर्यंत काकांना पोटावर धोतराची गाठ मारवत नव्हती, त्यांनी अभ्यंगस्नानाला उटणं पोट सोडून लावून घेतलं. आता ती लस बंद झाली, दंडात चारपाच इंजेक्शनांत भागतं. पण चावा झाल्यावर ‘बघू उद्या’ म्हणणारी माणसं मला आजही भेटतात, तेव्हा मी त्यांना काकांची चौदा ओळींची गोष्ट सांगते आणि सरळ दवाखान्यात पिटाळते.

शाळेत टोचायला येत तेही वहीत आहे. विषमज्वराची टीएबी, तिने हात असा भरून येई की दोन दिवस अभ्यास नाही. बीसीजीच्या आधी चाचणी. तीन दिवसांनी हात बघायचा, फुगला नसेल तर लस. माझ्या वर्गातल्या मुलींमध्ये त्या फुगण्यावरून पैजा लागत. हे सगळं आम्ही घरी सांगितलंच नाही असंही व्हायचं, म्हणून आई आंघोळीच्या वेळी दंड तपासायची. तिच्यापासून टोचणी लपवणं अशक्य होतं.

मग १९७५ साल आलं. त्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला भारतातली पहिली देवीची लस टोचली, तिच्या दंडावरून पुढे दुसऱ्या दंडावर, तिथून आणखी पुढे, असं करत ती देशभर गेली होती. तिथपासून देवी संपायला पावणेदोनशे वर्षं लागली. थोरल्या भावाची मुलगी १९८१ ची. तिचं पान आखताना आईने सवयीने पहिला रकाना ‘देवी’ असा लिहिला. मग त्यावर आडवी रेघ ओढली. ती रेघ मी पुष्कळदा पाहते. पट्टी लावून, सरळ, शाईने ओढलेली. आमच्या घरातल्या मुलांच्या दंडावरचा तो वण त्या पिढीपासून नाही.

पुढच्या मुलांची पानं भरत गेली. १९८५ ला सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि छापील कार्डं आली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिघांची एकत्र लस, तोंडावाटे पोलिओ, नवव्या महिन्यात गोवर. खाजगी डॉक्टरांची कार्डं अधिक देखणी, गुळगुळीत, वर हसऱ्या बाळाचं चित्र आणि औषध कंपनीची जाहिरात. आता कर्नाटकात गरोदरपणापासून तायी कार्ड मिळतं. ती व्यवस्था मला मनापासून आवडते, आईलाही आवडली असावी, कारण तिने पहिलं कार्ड हातात घेऊन सगळे रकाने मोजले आणि म्हणाली, “आमचंच चोरलंय.” तरी ती वहीत उतरवायचं थांबली नाही. कार्ड घर बदलताना हरवतं, पावसात भिजतं, शाळेत जाऊन बसतं. वही कुठे जात नाही.

पल्स पोलिओच्या रविवारी, १९९५ नंतर, वठारात सणाची हवा असे. शिवाजीनगरच्या बसस्टँडवर बूथ, मशिदीच्या दाराशी बूथ, चर्चच्या आवारात बूथ. पोरांच्या डाव्या करंगळीला शाई. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या बायका दारावर खडूने ‘पी’ लिहून जात, कोणी राहिलं असेल तर फुली. आईला ती फुली आपल्या वठाराच्या दारावर नको असे, म्हणून ती आदल्या रात्रीच सगळ्यांना तंबी देई. ते थेंब वहीत लिहायचे का, यावर तिचा आणि वहिनीचा वाद झाला. वहिनीचं म्हणणं, एवढ्या वेळा देतात, कुठवर लिहिणार? आईने कडेला बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली, एका वेळेला दोन. माझ्या भाच्याच्या पानाची कड त्या टिंबांनी भरून गेली आहे. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातला शेवटचा पोलिओ रोगी सापडला, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ती बातमी वाचून दाखवायला आई वरच्या मजल्यावर गेली होती. खाला तेव्हा नव्हत्या. त्यांची मोठी मुलगी होती.

माझी लेक २००७ साली शिकायला अमेरिकेत गेली, तेव्हा तिच्या कॉलेजने लसींचा लेखी पुरावा मागितला. मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मराठी अक्षर, शाईखाली शिसपेनीची सावली, कडेला ‘उजवी मांडी, रडली नाही’. तिथल्या बाईंनी विचारलं, ही पाककृती आहे का? लहानपणीच्या डॉक्टरांना शोधलं, ते निवृत्त होऊन मल्लेश्वरमला राहत होते. त्यांनी पान बघितलं, चष्मा पुसला आणि इंग्रजीत उतरवून सही ठोकली. तरी तिकडे समाधान होईना. शेवटी रक्त तपासलं. गोवर, गालगुंड, रुबेला, तिन्हींच्या प्रतिकारशक्तीच्या खुणा सापडल्या. क्षयाची चाचणी मात्र हातावर फुगली आणि लेक घाबरून रात्री फोनवर रडायला लागली. आईने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. “अगं, बीसीजी आहे तुला. फुगेलच. पान बारा बघ.” छातीचा फोटो स्वच्छ निघाला. तेव्हापासून लेक आपल्या मुलांची वेगळी वही ठेवते, इंग्रजीत, पण रकाने आईचेच, आणि शिसपेनही.

करोनाची लस निघाली तेव्हा आईने अठ्ठ्याऐंशी गाठली होती. मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांना सुरू झाली, आम्ही तिला व्हीलचेअरवरून नेलं. टोचणाऱ्या मुलीला तिने दोनच प्रश्न विचारले: कुठे तयार झाली, आणि बॅच कोणती. “पुण्याची,” ती मुलगी म्हणाली. “सीरमची.” आई मराठी मुलखातल्या वासरांकडे परत गेली असावी, बराच वेळ मान हलवत बसली. घरी येऊन दुसऱ्या डोसाची तारीख शिसपेनीने लिहिली. मग सरकारने दोन डोसांमधलं अंतर वाढवलं, तिने खोडून नवी लिहिली. मे महिन्यात पुन्हा वाढवलं, पुन्हा खोडलं. त्या जागी कागद इतका विरळ झालाय की पाठची ओळ दिसते. शाई जूनमध्ये पडली. मोबाईलवरच्या प्रमाणपत्राला तिने हात लावला नाही. ते प्रमाणपत्र ज्या फोनवर होतं तो माझ्या भावाने पुढच्या वर्षी बसमध्ये घालवला. नंबर तोच असल्याने ते पुन्हा मिळालं, हेही खरं. मी संगणकाची वैरी नाही. लहान मुलांच्या लसींची नोंद आता सरकारकडेही त्याच पद्धतीने राहू लागली आहे, हे उत्तमच. पण ज्यांची लहानपणं संगणकाआधीची, त्यांचं काय? माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी विचारते, धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली? बाळंतपणात, असं उत्तर येतं. ती बाळं आता चाळिशीची आहेत, आणि ही लस दर दहा वर्षांनी घ्यावी असं डॉक्टर सांगतात. मुलांच्या कार्डांना प्लास्टिकचं कव्हर घालणाऱ्या बायकांचं स्वतःचं पान कोरं असतं. आईचंही होतं. तिचं लग्नानंतरचं पान मी शोधलं, तर त्यात करोनाच्या नोंदीशिवाय दोनच ओळी, दोन्ही आजोबांच्या अक्षरात.

आई २०२३ साली गेली. वही माझ्याकडे आली. वठार पाडून तिथे चार मजली दुकानं झाली, माणसं कम्मनहळ्ळी, फ्रेझर टाऊन, होसूर, दुबई, पर्थ अशी पांगली. पण पानं आहेत. अक्काच्या चौघांची, खालांच्या सहाजणांची, म्हातारीच्या नातीची, आणि मधल्या काळात वर्ष दोन वर्षं राहून गेलेल्या कितीतरी भाडेकरूंच्या मुलांची, ज्यांची नुसती घरातली हाक मारायची नावं लिहिलेली आहेत. ज्युवेलर्स स्ट्रीटच्या मागच्या त्या वठारात, शिंप्यांच्या घरासमोर, १९५० ते १९९० या काळात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांनी जरूर कळवावं. तुमचं पान उतरवून, तारखा इंग्रजीत लिहून पाठवीन. माझा पत्ता या अंकाच्या संपादकांकडे आहे.